आधी अदमास, मग आकडेमोड

वाचक मैत्रिणीचं पत्र :

‘ताई, नर्सिंग पूर्ण करून मेडिसिन वॉर्डात लागले आहे. पेशंटशी छान जमतं, शिरेत कॅन्युला लावायची भीती वाटत नाही. पण ऑर्डरमध्ये आकडा दिसला की पोटात गोळा येतो. शाळेपासून माझं गणित कच्चं. कॉलेजात सूत्रं पाठ करून पास झाले. आता रात्रपाळीत तीन सलाईन, एक सिरिंज पंप आणि वेळेवर द्यायची अँटिबायोटिक्स एकदम समोर आली की सूत्रात वर काय आणि खाली काय तेच आठवत नाही. “एक लिटर आठ तासांत” एवढ्यालाही मोबाईल काढावा लागतो. एक सिनियर म्हणतात, “सलाईनचे थेंब नजरेने सोड, सवयीने जमतं.” बाटली कधी संपेल असं नातेवाईक विचारतात, मी काहीतरी वेळ सांगते आणि ती चुकते. दुसऱ्या सिस्टरला हिशेब तपासायला सांगावं तर ती काय म्हणेल असं वाटतं. माझ्या हातून कुणाचं बरंवाईट होण्याआधी ही नोकरी सोडावी का?’

प्रिय मैत्रिणी,

नोकरी सोडू नकोस. आकडा दिसल्यावर जिच्या पोटात गोळा येतो ती थांबते, पुन्हा वाचते. वॉर्डात मला अशीच नर्स हवी असते. जिला कधीच काही वाटत नाही, तिच्या हाताखालची बाटली मी स्वतः जाऊन बघते.

आता तुझ्या गणिताकडे येऊ. तुझ्या कामात गुणाकार, भागाकार आणि एक साधं प्रमाण यापलीकडे काही लागत नाही. मोबाईल काढतेस त्यात काहीच वावगं नाही, खुशाल काढ. पण कॅल्क्युलेटरला मिलिग्रॅम कळत नाही आणि एमएलही कळत नाही. तू दिलेले आकडे तो गुणतो, भागतो. जीवघेण्या चुका बहुतेक वेळा आकडेमोडीत होत नाहीत. त्या होतात एककात, दशांश चिन्हात, आणि दिवसाचा आकडा तासाचा समजण्यात. म्हणून सूत्र पाठ करण्याच्या आधी एक सवय लावून घे. कॅल्क्युलेटरला हात लावण्यापूर्वी उत्तर साधारण किती यायला हवं ते मनाशी ठरव. जमलं तर कागदावर लिही.

साधं उदाहरण घे. जेंटामायसिनची व्हायल आहे, २ एमएलमध्ये ८० मिलिग्रॅम. ऑर्डर ६० मिलिग्रॅमची. आधी नुसतं बघ. ६० हे ८० पेक्षा कमी, म्हणजे २ एमएलपेक्षा कमी लागणार. ८० चं निम्मं ४०, ते १ एमएलमध्ये असतं, म्हणजे १ पेक्षा जास्त लागणार. उत्तर १ आणि २ च्या मध्ये कुठेतरी आहे. आता सूत्र लाव : हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले तो जितक्या एमएलमध्ये आहे ते. ६० भागिले ८०, गुणिले २, बरोबर १.५ एमएल. सूत्र उलटं लिहिलं असतंस तर २.६७ आलं असतं आणि तुझ्या अदमासाने तिथल्या तिथे अडवलं असतं. वर काय, खाली काय हे विसरलीस तरी मग भीती नाही.

एकक बदलतं तिथे जास्त जागरूक राहा. डिगॉक्सिनच्या अँप्यूलवर लिहिलेलं असतं २ एमएलमध्ये ०.५ मिलिग्रॅम, आणि ऑर्डर येते १२५ मायक्रोग्रॅमची. दोन्ही आकडे आधी एकाच एककात आण आणि शक्यतो लहान एककात आण, म्हणजे दशांश चिन्हच उरत नाही. ०.५ मिलिग्रॅम म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. १२५ हे ५०० चं पाव, तर २ एमएलचंही पाव, अर्धा एमएल. हेच १२५ मायक्रोग्रॅम कुणी घाईत १.२५ मिलिग्रॅम धरले तर उत्तर येतं ५ एमएल, म्हणजे अडीच अँप्यूल. इथे हात थांबला पाहिजे. एका डोससाठी दोनपेक्षा जास्त अँप्यूल किंवा व्हायल फोडायची वेळ आली, किंवा गोळीचे बारीक तुकडे करावे लागतायत असं दिसलं, की हिशेब पहिल्यापासून कर आणि ऑर्डर विचारून खात्री कर. कधीकधी उत्तर बरोबरच निघतं. तरी विचार.

लिहिण्याच्या बाबतीत मी कडक आहे. अर्ध्यासाठी ०.५ लिहायचं, नुसता टिंब आणि पाच नाही, कारण टिंब पुसट झाला की पाच उरतो. पूर्ण आकड्यापुढे टिंब-शून्य लावायचं नाही, ५.० चे ५० झालेले वाचायला वेळ लागत नाही. आणि युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी यू लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ युनिट इन्सुलिनचे ४० होतात. इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर हेही बघून ठेव : एका एमएलमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात. व्हायल आणि सिरिंज एकाच ताकदीची आहे ना, हे दर वेळी ताडून बघायचं.

मुलांच्या वॉर्डात बदली झाली तर मिलिग्रॅम आणि एमएल यांची गल्लत फार जपायची. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलमध्ये १ एमएलला १० मिलिग्रॅम औषध असतं. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं, तर १८० मिलिग्रॅम, म्हणजे १८ एमएल. पंपावर चुकून १८० टाकलं तर मुलाला दहापट औषध जायला लागेल. म्हणून आकडा कधी एकटा लिहू नकोस, एकटा बोलूही नकोस. ‘एकशेऐंशी दे’ असं कुणी म्हणालं तर विचार : एकशेऐंशी काय?

आता तुझी सलाईन. एक लिटर, आठ तास. आधी तासाचा हिशेब : १००० भागिले ८, म्हणजे तासाला १२५ एमएल. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पंप असेल तर तोच टाकायचा, थेंब मोजायचे असतील तर त्यावरूनच पुढे जायचं. थेंब काढायला सेटचं, म्हणजे सलाईनच्या नळीचं, पाकीट बघ. एका एमएलचे किती थेंब पडतात ते त्यावर छापलेलं असतं. साध्या सेटमध्ये १०, १५ किंवा २० असतात, मायक्रो सेटमध्ये ६०. सूत्र सगळीकडे एकच : एकूण एमएल गुणिले सेटचे थेंब, भागिले एकूण मिनिटं. तुझा सेट २० चा असेल तर १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब.

हेच रात्री तीन वाजता डोक्यात करायचं असेल तर सोपी वाट आहे. तासाच्या एमएलला २० च्या सेटसाठी ३ ने भागायचं, १५ च्या सेटसाठी ४ ने, १० च्या सेटसाठी ६ ने. कारण साधं आहे, ६० मिनिटांना २० ने भागलं की ३ येतात. मायक्रो सेटमध्ये ६० भागिले ६० म्हणजे १, म्हणून तिथे तासाचे एमएल आणि मिनिटाचे थेंब सारखेच. तासाला ३० एमएल, तर मिनिटाला ३० थेंब. हे कारण एकदा कळलं की ते विसरायला होत नाही, आणि विसरलंच तर परत मांडता येतं. तुझ्या कॉलेजात सूत्रं पाठ करून घेतली, पण हे समजावून सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

सिनियरच्या ‘नजरेने सोड’ला माझा विरोध आहे. त्यांची नजर तयार असेल, पण मिनिटाला ४२ थेंब आणि ५५ थेंब यांतला फरक नजरेने सांगता येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला तो फरक कळतो. घड्याळ ड्रिप चेंबरच्या, म्हणजे थेंब पडतात त्या कुपीच्या, शेजारी धर आणि मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं चालतं, पण त्यात एका थेंबाची चूक झाली तर मिनिटामागे चार थेंबांचा फरक पडतो, म्हणून पहिल्यांदा लावताना पूर्ण मिनिट मोज. पंधरा मिनिटांनी परत ये. पेशंटने हात दुमडला, स्टँड वरखाली केला, कॅन्युलाच्या टोकाशी शीर आकसली, तरी वेग बदलतो. तू नळीवरचा वेग ठरवायचा रोलर बरोबर लावला होतास हे खरं असूनही बाटली तासभर आधी संपू शकते.

म्हणूनच नातेवाइकांना सांगितलेली वेळ चुकते. तुझं उत्तर त्या क्षणापुरतं बरोबर असतं, मग वेग बदलतो. शिवाय एक जुना खड्डा आहे. समज, बाटलीत ४०० एमएल उरलंय आणि वेग तासाला ७५. भागाकार केला की ५.३३ येतात. हे पाच तास तेहतीस मिनिटं नव्हेत. दशांशानंतरचा भाग ६० ने गुणायचा : ०.३३ गुणिले ६०, साधारण २० मिनिटं. पाच तास वीस मिनिटं. रात्री पावणेदोनला हिशेब केलास तर सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी संपेल. नातेवाइकांना ‘सातच्या सुमारास’ सांग, आणि त्याआधी बघायला येईन असंही सांग. बाटली संपायची वाट बघत ते रात्रभर जागे राहतात, तेवढी तरी झोप त्यांना मिळू दे.

बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवून तासांच्या खुणा करायची पद्धत मला फार आवडते. साडेदहाला लावली, तासाला १२५, तर साडेअकराला पाणी कुठे असेल, साडेबाराला कुठे, ते आधीच लिहून ठेवायचं. मग दारातून नुसती नजर टाकली तरी सलाईन मागे पडलं की पुढे गेलं ते कळतं. आणि दीड वाजता ३७५ एमएल जायला हवं होतं तिथे २५० च गेलंय असं दिसलं, तर राहिलेलं भरून काढायला रोलर सोडू नकोस. आधी कॅन्युलाची जागा बघ, सूज आहे का बघ, वेग ठरलेल्या आकड्यावर आण, नोंद कर आणि डॉक्टरांना सांग. उरलेले ७५० एमएल पाच तासांत बसवायचे तर तासाला १५० लागतील. ते द्यायचे की वेळ वाढवायची हा निर्णय त्यांचा.

काही औषधांत तर डोसपेक्षा वेळच जास्त जपावी लागते. व्हॅन्कोमायसिन मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जोरात जाऊ नये आणि एकूण तासाच्या आत संपू नये. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, म्हणजे निदान १०० मिनिटं. ते २०० एमएलमध्ये मिसळलेलं असेल तर मिनिटाला २ एमएल, तासाला १२०, आणि २० च्या सेटवर मिनिटाला ४० थेंब. घाईने सोडलं तर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, बीपी पडू शकतं. फेनिटॉइन मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जलद नाही, आणि ते ग्लुकोजच्या बाटलीत मिसळायचं नाही. पोटॅशियम क्लोराइड सरळ शिरेत कधीच ढकलायचं नाही, कुणीही सांगितलं तरी नाही. ते पातळ करूनच आणि ठरवून दिलेल्या वेगानेच जातं.

सिरिंज पंपाच्या हिशेबाला तू सगळ्यात जास्त घाबरत असशील. तो लांब आहे, अवघड नाही. पायऱ्या मोडून कर. ऑर्डर : नॉरॲड्रेनलिन (बीपी वाढवायचं औषध), किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. वजन ५० किलो. सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध, एकूण ५० एमएल. ‘एकूण’ हा शब्द लक्षात ठेव. औषधाचे ४ एमएल असतील तर पातळ करायचं पाणी ४६ एमएल घ्यायचं, ५० नाही.

आधी वजन : ०.१ गुणिले ५०, मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. मग तास : ५ गुणिले ६०, तासाला ३०० मायक्रोग्रॅम. मग सिरिंजमधली ताकद : ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, भागिले ५०, एका एमएलमध्ये ८०. शेवटी ३०० भागिले ८०, तासाला ३.७५ एमएल. प्रत्येक ओळीत एकक लिही. एकक लिहिलं की कुठली पायरी राहिली ते आपोआप दिसतं : मिनिटाचं तासावर आणलं नसशील तर ओळीत ‘मिनिट’ तसाच उभा राहील. आता उलटी ये : ३.७५ गुणिले ८०, ३००. भागिले ६०, ५. भागिले ५०, ०.१. ऑर्डर परत मिळाली, म्हणजे हिशेब जुळला. भिंतीवरचा तक्ता बघायला हरकत नाही, पण तो ज्या मिश्रणासाठी केलाय तेच मिश्रण तुझ्या सिरिंजमध्ये आहे का, हे बघितल्याशिवाय त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस.

दुसऱ्या सिस्टरला विचारायची तुला भीड वाटते म्हणालीस, म्हणून ही घटना सांगते. २००६ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात कॅन्सरच्या एका रुग्ण स्त्रीला फ्लुरोयुरॅसिल हे औषध छोट्या पंपातून चार दिवसांत द्यायचं होतं. वेग होता तासाला १.२ एमएल. लेबलवर दोन आकडे होते, चोवीस तासांचे २८.८ एमएल आणि तासाचे १.२ एमएल. हिशेब करताना २४ ने भागायचं राहिलं, उत्तर आलं २८.८. लेबलवर बघितलं तर २८.८ छापलेलं होतंच, म्हणून ते बरोबर वाटलं. दुसऱ्या नर्सने तपासलं, तिचंही २४ ने भागायचं राहिलं. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि ती रुग्ण पुढे दगावली.

त्या नर्सेस बेफिकीर नव्हत्या. त्यांनी हिशेब केला, तपासूनही घेतला. पण पिशवीतलं औषध साधारण ११५ एमएल, तासाला २८.८ ने ते किती वेळ पुरेल, एवढा एक भागाकार केला असता तर चार तास आले असते आणि हवे होते चार दिवस. पंपाचं बटण दाबण्याआधी हा प्रश्न तू दर वेळी विचार : या वेगाने हे कधी संपेल, आणि ऑर्डरप्रमाणे कधी संपायला हवं?

आणि तपासून घेण्याची पद्धत बदल. ‘हे बघ, ३.७५ येतंय ना?’ असं विचारलंस तर समोरची तुझाच आकडा डोक्यात ठेवून बघेल आणि मान हलवेल. तिला ऑर्डर दे, अँप्यूल दे, पेशंटचं वजन दे आणि आपला कागद पालथा ठेव. तिचं उत्तर आलं की मगच दोन्ही कागद शेजारी ठेवा. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, नॉरॲड्रेनलिनसारखी बीपीची औषधं, केमोथेरपी आणि लहान मुलांचा कुठलाही शिरेतला डोस यांना मी हे केल्याशिवाय हात लावू देत नाही. यात तुझ्या गणिताचा प्रश्नच नाही, सगळ्यात जुन्या सिस्टरचाही डोस असाच तपासला जायला हवा. तिने तुझ्याकडे तपासायला आणला तर संकोच न करता पहिल्यापासून मांड. तेवढाच सरावही होईल.

सरावासाठी वेगळं पुस्तक नको. ड्यूटी संपताना त्या दिवशीच्या दोन ऑर्डर, नावाशिवाय, वहीत उतरव आणि दुसऱ्या दिवशी सावकाश सोडव : आधी अदमास, मग सूत्र, मग उलटा हिशेब. घाई नसताना हात बसला की घाईतही तोच हात चालतो.

सिनियर पुन्हा ‘नजरेने सोड’ म्हणाल्या तर वाद घालू नकोस. म्हण, ‘मॅडम, माझी नजर अजून तयार नाही, मी एक मिनिट मोजते, तुम्ही फक्त माझा तासाचा आकडा बघा.’ आणि रोलरला हात लावण्याआधी घड्याळ वर धर.